जंतूंच्या गावाला जाऊन आले

आमच्या कोपर गावच्या गल्लीत मी हे इतक्या जणींना सांगितलंय की आता कोणी कोथिंबीर मागायला आली तरी आधी विचारते, काय गं, जंतू बघितलेस म्हणे, केवढे होते? म्हणून एकदाचं लिहूनच काढते. मी सातवी शिकलेले, ती पण कशीबशी, पण डोळ्यांनी बघितलेलं लिहायला काय लागतं. आणि जंतू दिसत नाहीत, हे पहिलंच सांगून ठेवते.

आमचे हे ठाण्याला माजिवड्यात एका लहान कंपनीत कामाला. तिथे जंतूंकडून प्लास्टिक बनवून घेतात. लग्न ठरलं तेव्हा मला वाटलेलं हा माणूस आपली मस्करी करतोय. मस्करी नव्हती. आणि बाबू झाल्यावर तर हसायचं पण राहिलं नाही. बाबूच्या कमरेपासून मांड्यांपर्यंत पुरळ उठलं, लालभडक, रात्रभर रडायचा, दूध सोडायचा. आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, बोलल्या, "कंपनीतले जंतू लागले पोराला." झालं. त्या दिवसापासून ह्यांनी पोराला हात लावायचा नाही. आधी सुवेर, बाळंतपणाचा विटाळ, म्हणून घेतला नव्हता, मग पुरळ म्हणून. बाबू चार महिन्यांचा झाला तरी बापाच्या मांडीवर गेलेला नाही. हे कामावरून यायचे, मागच्या मोरीवर आंघोळ करायचे आणि खोलीच्या दारात उभे राहून बघायचे. नुसते बघायचे. बाबू हसला की इकडे ह्यांची बोटं हलायची, मी बघितलंय.

मी पण घाबरलेले. खोटं कशाला बोलू, मला पण वाटायचं ह्यांच्या केसात, नखात काहीतरी बसून येत असणार.

एक दिवस हे बोलले, "तू स्वतः जाऊन बघ. तू बोललीस सोड, तर सोडतो नोकरी. बाबांच्या रेतीच्या होडीवर जातो."

रेतीवर म्हणजे खाडीच्या तळाला बुड्या मारायच्या. माझा थोरला दीर बुड्या मारून मारून एका कानाने बहिरा झालाय. एवढं मोठं माझ्या तोंडून ठरणार म्हटल्यावर माझी तर झोपच उडाली. आई बोलल्या, "जा, बघून ये. पण पोराला तिकडं नेऊ नको. मंजुळाकडं ठेव." मंजुळा म्हणजे माझी नणंद, माजिवडा गावातच राहते. असं ठरलं.

रेतीबंदर

हे रोज गाडीने जातात, पण तान्ह्याला घेऊन त्या गर्दीत शिरायची माझी छाती नाही. म्हणून मी रेतीबंदरावरून होडीने पलीकडे माणकोलीला जायचं ठरवलं, तिथून हायवेने सरळ माजिवडा. एका हातात बाबू, खांद्याला त्याची पिशवी आणि दुसऱ्या हातात पिठाचा डबा.

डब्याचं सांगते, कारण पुढे सगळा घोळ त्यानेच केला. आमच्याकडे नणंदेच्या घरी रिकाम्या हाताने जात नाहीत. आणि आयते पोळे करून न्यायचे नाहीत, पीठ न्यायचं. तांदूळ भिजवून वाटायचे, सकाळी त्यात ताडी घालायची, वाटेत ते फुगतं आणि तिच्या चुलीवर गरम गरम पोळे पडतात. पीठ फुगलेलं पोचलं तर माहेरची माया पोचली. बसलेलं पोचलं तर वर्षभर ऐकून घ्यायचं.

ओहोटी लागलेली. होडीपर्यंत गुडघाभर चिखल. होडीवाल्या पांडूकाकांनी बाबूला घेतलं, मी पाय टाकला आणि माझी डावी चप्पल आत गेली ती गेलीच. खाडीने गिळली.

"राहू दे गो," काका बोलले, "भरती आली की वर येईल, मग चिखलातल्या निवट्या मासळ्या घालतील." मग नाक वर करून बोलले, "डब्यात काय? ताडी?"

"पीठ आहे वन्संसाठी."

"मग सावलीत धर. उन्हात फुगला तर वल्हं मारायला माझ्या बाजूला येऊन बसंल तो."

मला हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदा. दोन्हीकडे तिवरांची हिरवी भिंत, मुळं पाण्याबाहेर आलेली, त्यावर बगळे असे उभे की कोणाची तरी वाट बघतायत. मध्येच वारा आला, बाबूने तोंड उघडून तो खाल्ला आणि दचकला. मी त्याचं दुपटं सोडून अंगाला वारा लागू दिला. पुरळ तसंच होतं.

माणकोली नाका

पलीकडे बांधाबांधाने चालत नाक्यावर आले, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. हायवे बघून मी बाबूचं तोंड पदराने झाकलं. ट्रक असे जातात की साडी अंगावर राहत नाही. एक टमटमवाला थांबला. आत आधीच कोंबड्यांची टोपली घेतलेली एक मावशी बसलेली. तिने विचारलं, कुठे चाललीस, कोणाकडे, मालक काय करतो. मी सांगितलं, जंतूंच्या कंपनीत आहेत. तिने कोंबड्यांची टोपली माझ्यापासून लांब सरकवली. बघा, म्हणजे मीच एकटी नाही घाबरत.

माजिवडा, कुलूप

वन्संच्या दाराला कुलूप. शेजारीण बोलली, कोळशेतला पुतणीची सुपारी फोडायची आहे, संध्याकाळी येतील.

मी पायरीवर बसले. पोराला तिकडं नेऊ नको, आईंनी बजावलेलं. आणि हे दुपारी माझी वाट बघणार, कंपनीच्या मॅडमनी फक्त आजचीच परवानगी दिलेली. शेजारणीकडे ठेवावं तर तिला मी आज पहिल्यांदा बघितलेली. बाबू भुकेला, डबा गरम झालेला, घाम आलेला. मी पोराला पाजलं, पदराखाली घट्ट धरलं आणि निघाले. काय होईल ते होईल.

गाळ्यात

कंपनी म्हणजे काय मोठं धुराडं नाही. हायवेमागे गाळ्यांची रांग, खाली पुठ्ठ्याची खोकी बनवणारे, वर जिना चढून ह्यांचं. हे दारातच उभे. माझ्याबरोबर बाबूला बघून तोंड उतरलं ह्यांचं.

"ह्याला का आणलास?"

"वन्सं घरी नाहीत."

आणि हे चार पावलं मागे सरकले. सवयीने. घरी सांगितलंय ना हात लावायचा नाही, म्हणून ते इथे पण मागे सरकले.

तेवढ्यात मॅडम आल्या. चाळिशीच्या, खादीची साडी, वर पांढरा कोट, केसांना टोपी. जंतूंचं सगळं डोकं त्यांचं. "या या, बाहेर का उभ्या? चप्पल तिथे काढा, हातपाय धुवा आणि या." मला एकच चप्पल काढायची होती. ती काढली. बघितलं त्यांनी. नळावर हातपाय धुतले, आणि मला एकदम वाटलं, अरे, ही तर आमच्याचसारखी रीत. बाळंतिणीच्या खोलीत जायचं तर बाहेरून आलेल्याने आधी पाय धुवायचे, थोडं टेकायचं, मग आत.

बाहेरच्या खोलीत टेबल होतं. त्यावर डबा ठेवला. मागे एक दार, त्याला काच, आणि काचेतून आत एक स्टीलची टाकी दिसत होती, उंचीला माझ्याएवढी.

मी विचारणार एवढ्यात टेबलावर फट्ट आवाज झाला. झाकण उडालं. पीठ फुगून फुगून डब्याच्या बाहेर, टेबलावर, कागदांवर, माझ्या पदरावर, आणि सगळीकडे ताडीचा आंबूस वास.

मॅडम किंचाळल्याच. "काय आहे ते? आंबवलेलं आहे? ते बाहेर! आधी ते बाहेर घेऊन जा! आणि ते दार कोणी उघडू नका!"

हे धावले, डबा उचलून जिना उतरून खाली. मॅडम हात पुसतायत, टेबलावर स्पिरिट ओततायत, पुन्हा पुन्हा दार नीट लागलंय का बघतायत. मी भिंतीला चिकटून उभी. मला रडू आलं. बोलले, "मॅडम, चुकलं माझं. पण एवढं काय झालं? नुसतं पीठ आहे."

मग त्या खुर्चीत बसल्या आणि एकदम हसायला लागल्या. "अहो, तुम्ही आमच्या जंतूंना घाबरून आलात ना? आणि मी तुमच्या पिठातल्या जंतूंना घाबरले. तुमच्या ताडीतले जंतू रानटी, दांडगे. त्यांतला एक जरी त्या टाकीत गेला ना, तर माझ्या जंतूंचं सगळं जेवण खाऊन टाकेल. एवढ्या दिवसांचं काम गटारात."

"म्हणजे तुमचे जंतू..."

"फार नाजूक. लाडावलेले. बाहेर पडले तर टिकत नाहीत. वेळेवर साखर, वेळेवर हवा, आणि पाणी आपल्या अंगाइतकंच गरम. जरा कमी-जास्त झालं की रुसतात. तुमचे यजमान रात्रपाळीला त्यांच्याजवळ बसून असतात, बाळाजवळ बसावं तसे."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे आत्ताच जिना चढून आलेले, पिठाने माखलेले, खाली मान घालून उभे.

आतल्या खोलीत मला सोडलं नाही, माझा पदर ताडीने भरलेला ना. काचेतूनच दाखवलं. टाकीला एक गोल खिडकी, आत पिवळट पाणी घुसळतंय, बुडबुडे येतायत. मॅडमनी सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. एका जंतूला पोटात एक प्रकारची चरबी साठवता येते, पण तो वाढतो हळू. दुसरा भराभर वाढतो, पण त्याला ते येत नाही. तर पहिल्याचं ते येणं काढून दुसऱ्यात बसवलंय.

"कलम?" मी विचारलं. "आंब्याचं करतात तसं?"

"तसंच समजा. फक्त इथे कलमाचा डोळा एवढा बारीक असतो की दिसत नाही." आणि ती चरबी बाहेर काढली की तेच प्लास्टिक. मातीत टाकलं तर माती खाते त्याला. उद्या त्याचा टाके घालायचा धागा पण होईल, बोलल्या, अंगातच विरघळेल, ओढून काढायला नको. बाबूच्या वेळचे माझे टाके काढले तेव्हा मी नर्सच्या हाताला चावलेले. मी मनात बोलले, करा बाई, लवकर करा.

"पण हा जंतू माझ्या पोराला लागेल का?" शेवटी विचारलंच. एवढ्यासाठीच तर आलेले.

मॅडमनी लगेच ‘नाही लागणार’ असं सांगून टाकलं नाही. मग बोलल्या, "ह्याची भावंडं आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असतात, तुमच्या बाळाच्याही. हा त्यातला दुबळा. आणि इथून जिवंत काहीच बाहेर जात नाही, सांडलेलं पाणीसुद्धा आधी वाफेवर उकळून मारतो, मग गटारात. ह्या जंतूमुळे पुरळ उठलं असेल असं मला वाटत नाही. पण मी माणसांची डॉक्टर नाही, बाळाला डॉक्टरांना दाखवा."

मग जिथे ती चरबी साफ करतात त्या बाजूच्या खोलीत नेलं. तिथे जंतू मेलेलेच असतात, म्हणून माझा पदर चालला. आधी एका यंत्रात ते पाणी गरगर फिरवतात, जंतू तळाला बसतात, मळलेल्या पिठाचा गोळा असतो तसे. मग तो गोळा एका औषधाच्या पाण्यात घालतात. ते पाणी जंतूचं अंग खाऊन टाकतं, सगळं विरघळवतं, आणि आतली चरबी तेवढी पांढरी राहते. मॅडमनी झाकण काढलं आणि तो वास माझ्या नाकात गेला.

मी तिथेच थांबले.

तो वास माझ्या घरी येतो. रोज. मागच्या मोरीवर.

आई रोज बाबूचे लंगोट वेगळ्या बादलीत भिजवतात. ह्यांचे कपडे पण त्यातच, जंतू मरावेत म्हणून. विहिरीत टाकायला नगरपालिकेचा माणूस पांढरी पावडर देऊन गेलेला, त्यातली मूठभर त्या बादलीत घालतात. मूठभर, कारण जंतू कंपनीचे, साध्या साबणाने जायचे नाहीत.

"मॅडम, हे काय आहे?"

"ब्लीच. कपड्यांचं असतं तेच, जरा कडक." आणि त्यांनी मनगट पुढे केलं. "परवा हातमोजा फाटला होता, बघा काय झालं." मनगटावर लाल पट्टा, बारीक बारीक फोड. मी बाबूचं दुपटं बाजूला केलं. मॅडमनी वाकून बघितलं, मग स्वतःचं मनगट बघितलं, मग माझ्याकडे. हे दारात उभे होते, त्यांनी पण बघितलं.

"लंगोट साध्या साबणाने धुवा," मॅडम हळूच बोलल्या, "भरपूर पाण्यातून काढा आणि कडक उन्हात वाळवा. एवढं करून बघा आठवडाभर."

शेवटचं काम पण दाखवलं. ती पांढरी चरबी एका औषधात विरघळवून, गाळून, दुसऱ्या थंडगार औषधात हळूहळू ओततात. हे काम हेच करतात. काचेच्या कपाटात, पंखा चालू, तोंडाला मास्क. ह्यांनी ओतलं आणि त्या स्वच्छ पाण्यात एकदम पांढरे तंतू उमटले, सावरीचा कापूस फुटतो तसे, आणि तरंगत खाली आले. इतकं सुंदर काम माझा नवरा करतो आणि मला माहीतच नव्हतं.

"ह्या औषधाची मात्र भीती बाळगा," मॅडम बोलल्या. "जंतूपेक्षा हे वाईट."

मग मी धीर केला. बोलले, "मग ह्यांचा इथला डगला घरी येता कामा नये. इथेच धुवायचा."

"कबूल," मॅडम बोलल्या. "आधीच करायला हवं होतं आम्ही."

निघताना त्यांनी हात धुऊन बाबूला घेतलं, खेळवलं आणि ह्यांच्यापुढे धरलं. "घ्या की हो, तुमचाच आहे."

हे बोलले, "नको मॅडम. आईने घेऊ नको म्हणून सांगितलंय." मॅडमनी मला परत दिला.

वन्संकडे

संध्याकाळी वन्सं आल्या. डब्यात उरलेलं पीठ बघून हसून हसून लोळल्या. "वयनी, माहेरची माया एवढी फुगली की कंपनी बंद पाडलीस!" उरलेल्याचे पोळे केले, बरोबर कोळंबीचं कालवण. आमच्याकडे कालवणात चिंच घालतात, त्या कैरी घालतात आणि नारळाचं दूध. आधी मी नाक मुरडलं, मग दोनदा मागून घेतलं.

मी परत जायची ती राहिले. वन्संच बोलल्या, पोराचं अंग निवेपर्यंत हलायचं नाही. डॉक्टरांनी पण बघून साबण आणि ऊन एवढंच सांगितलं, एक मलम दिलं. लंगोट मी धुवायचे, गच्चीवर वाळवायचे. पुरळ आधी फिकट झालं, मग कडेकडेने सुकलं, मग एका सकाळी बाबू रात्रभर झोपून उठला आणि मी घाबरून त्याच्या नाकाशी बोट धरलं. झोपलेलाच होता. पोर झोपतं असं, मला माहीत नव्हतं.

हे कामावरून यायचे, समोर बसायचे. वन्सं बोलायच्या, "दादा, इथे कोण बघतंय? घे ना." हे मान हलवायचे. "आईला न सांगता घेतलं तर चोरी केल्यासारखं वाटेल गं. तिने त्याच्यासाठीच केलंय सगळं." वन्सं चिडल्या. मी नाही चिडले. मला हा माणूस तेव्हा फार आवडला.

परत

परतीला हे पण होडीने आले, बॅग घेऊन. माझ्या पायात वन्संच्या चपला, एक बोट मोठ्या. होडीत मी एकच विचार करत होते, आईंना कसं सांगू. त्यांनी माझ्या बाळंतपणात रात्री जागवल्यात. बाबू रडला की माझ्याआधी त्या उठायच्या. त्यांच्या मायेनेच पोर भाजलं, हे कोणत्या तोंडाने बोलायचं? आणि नाही बोलले तर उद्या पुन्हा बादली भरणार, पुन्हा पुरळ, पुन्हा कंपनीचं नाव, आणि हे रेतीवर.

आई दारातच. बाबूला घेतलं, दुपटं सोडलं, उलटा केला, सुलटा केला. कातडी स्वच्छ. "मंजुळाच्या गावचं पाणी मानवलं रं तुला," बोलल्या. डोळे भरलेले.

मी बोलले, "आई, आता लंगोट मी धुते. साध्या साबणाने."

"का गो?"

मी पिशवीतले उन्हात वाळवलेले लंगोट काढून घडी घालायला लागले. आईंनी माझ्याकडे बघितलं, मोरीवरच्या बादलीकडे बघितलं, मग बाबूला एका हातावर तोलून दुसरा हात उलटा करून बघितला. बोटं सोललेली, पेरांना चिरा, नखांच्या कडा लाल. इतके दिवस मी तो हात बघितलाच नव्हता.

"माझे पण हात जळतात गो कवाचे," आई हळू बोलल्या. "मना वाटलं, जंतू जळतात."

मी खोबरेल आणलं आणि त्यांची बोटं माझ्या हातात घेतली. त्या ओढून घेत होत्या, मी सोडली नाहीत. एकेका पेराला तेल चोळलं. मग त्यांनी माझ्या हातातून हात सोडवला आणि दाराकडे वळल्या. हे तिथेच उभे, नेहमीच्या जागेवर.

"काय रं, लाकडासारखा उभा? हात धुतलेस?"

"धुतले."

"मग घे तुझं पोर."

हे खाली बसले. आईंनी बाबूला ह्यांच्या हातात ठेवलं. ह्यांना धरता येईना. कोपर कुठे, हात कुठे, सगळं अवघडलेलं. "अरं मान धर त्याची, मान!" आई ओरडल्या. ह्यांनी मान धरली. बाबूने बापाच्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ, रडावं की नाही ते ठरवत असल्यासारखं, आणि रडला नाही.

हे माझ्याकडे वळून बोलले, "एवढा जड असतो हा?"